कोकणातलं जुनं कौलारू घर आणि वाडी पुन्हा नांदती करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं रायगड ते सिंधुदुर्ग या पट्ट्यातल्या जांभ्याच्या, लाकडी सांगाड्याच्या, कौलारू घरांसाठी आहेत. पाच-दहा-वीस वर्षं कुलूप लागलेलं घर आणि रान माजलेली वाडी डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. देशावरच्या माळवदी (मातीच्या सपाट छताच्या) वाड्यांना यातलं फारसं लागू पडणार नाही.

पहिलं काम कोणतं? रंग, फरशी की छप्पर?

यातलं काहीच नाही. पहिलं काम म्हणजे जुलैत, पाऊस कोसळत असताना, घरात एक दिवस बसून राहणं. डिसेंबरात कोरडं घर बघून केलेला अंदाज हमखास चुकतो. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि घराची बहुतेक दुखणी त्याच चार महिन्यांत दिसतात. हातात खडू घ्या. कुठे गळतं, भिंतीवर ओल कुठवर चढते, अंगणातलं पाणी जोत्याकडे येतं की लांब जातं, हे जागच्या जागी खुणा करून ठेवा आणि फोटो काढा. पुढच्या सगळ्या कामांचा क्रम त्या खुणांवरून ठरतो: वरचं पाणी, मग खालचं पाणी, मग लाकूड, मग भिंती आणि जमीन. रंग अगदी शेवटी. हा क्रम उलटा केलात तर पहिल्याच पावसाळ्यात केलेलं काम पुन्हा काढावं लागतं.

कागदपत्रांचं काय? घर आजोबांच्या नावावर आहे.

मग आधी वारस नोंद. सातबारा आणि आठ-अ जमिनीचे; घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नसते, हे पुष्कळांना भांडण झाल्यावर कळतं. फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) आत्यांची आणि बहिणींची नावं आहेत का ते पाहा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. सगळे एकमताचे असतील तर शेतजमिनीच्या वाटपासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

वाटप लांबणार असेल तर निदान सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्या आणि खर्च कोण करतंय, तो पुढे कसा धरायचा हे त्यात लिहा. खर्च एकाने केला म्हणून त्याचा हिस्सा आपोआप वाढत नाही. घर खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळ असेल तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राच्या बंधनांची) चौकशी भिंतीला हात लावण्यापूर्वी करा.

रान कधी आणि कसं साफ करायचं?

दसऱ्यानंतर, गवत सुकायला लागलं की. घरापासून सुरुवात करून बाहेर सरकत जा, म्हणजे जनावरं बाहेरच्या बाजूला निघून जातात. उलट केलंत तर ती घरात ढकलली जातात. ढासळलेला गडगा, कौलांचे ढीग, जुनी लाकडं या फुरसं, घोणस आणि विंचवाच्या हक्काच्या जागा. हात घालण्यापूर्वी काठीने हलवा, पायात गमबूट आणि हातात जाड मोजे असू द्या. लाल विंचू चावला तर मंत्र-पाला करत वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाने दगावणं खूप कमी झालं आहे, पण गोळी वेळेत पडायला हवी. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते काम सुरू होण्यापूर्वीच गड्यांना सांगून ठेवा.

भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा वड नुसता कापू नका, दुप्पट जोमाने फुटतो. मुळं भिंतीत किती शिरलीत ते पाहून तेवढे चिरे उतरवा, मूळ काढा आणि तेच चिरे पुन्हा बसवा. ओढून काढायला गेलात तर मुळाबरोबर भिंत येते.

कौलं किती लागतील?

मंगलोरी कौलाला ढोबळ हिशोब चौरस मीटरला १५ नग. घर ४० फूट × ३० फूट असेल आणि चारी बाजूंना अडीच फूट वळचण (भिंतीबाहेर आलेलं छप्पर) असेल, तर छपराची आडवी व्याप्ती ४५ × ३५ म्हणजे १,५७५ चौरस फूट, सुमारे १४६ चौरस मीटर. ३० अंशांच्या उताराला हे ०.८६६ ने भागा: १६९ चौरस मीटर. म्हणजे अडीच हजार कौलं, वर मोडतोडीला दहा टक्के आणि आढ्यावरचे कोने (छपराच्या माथ्यावर बसणारी कौलं) वेगळे.

एवढी नवी घ्यायची गरज मात्र सहसा पडत नाही. मंगळुरात बासेल मिशन या मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर किनारपट्टीवर पसरलेली जुनी कौलं आजच्या पुष्कळ कौलांपेक्षा चांगली भाजलेली आहेत. प्रत्येक कौल बोटाने वाजवून बघा: खणखणीत वाजलं तर ठेवा, भद्द आवाज आला तर त्यात तडा आहे. शेवाळ ब्रशने घासून काढा. नवी आणि जुनी कौलं एकाच पाख्यावर (छपराच्या एका उतरत्या बाजूवर) मिसळू नका. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि गळती नेमकी तिथेच सुरू होते. जुनी सगळी पुढच्या पाख्यावर, नवी मागच्या, असं करा.

शाकारणी करूनही (कौलं उतरवून पुन्हा नीट बसवूनही) गळतं. का?

बहुतेक वेळा दोष कौलात नसतो, रिपांत (कौलं अडकतात त्या आडव्या पट्ट्यांत) असतो. रिपांमधलं अंतर कौलाच्या मापाने ठरतं. तुमचीच सहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून एकूण लांबी मोजा आणि त्यावरून अंतर काढा. सुतार जुन्या सवयीने लावतो त्या अंतरावर सोडून देऊ नका. अंतर अर्धा इंच जास्त झालं तर वरच्या कौलाचा खालच्यावरचा पदर कमी पडतो आणि वाऱ्याबरोबर येणारं पाणी आत चढतं. दुसरं कारण म्हणजे वाकलेला वासा: पाखा मध्ये बसला की कौलांची तोंडं उघडी पडतात. तिसरं, दोन पाखे मिळतात ती पन्हळ. तिथे जुना गंजका पत्रा ठेवून वर कौलं परतली तर शाकारणी फुकट जाते. पन्हळीचा पत्रा दोन्ही बाजूंना कौलांखाली निदान सहा इंच शिरलेला हवा.

आणि आढ्यावरचे कोने सिमेंटच्या कडक मालात बसवू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आटतं, तो माल तडकतो. चुना-वाळूच्या मालात थोडं सिमेंट चालतं.

माकडं कौलं फोडतात. पत्राच टाकावा का?

हा आता कोकणातला सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि त्याला साधं उत्तर नाही. नुसता पत्रा टाकलात तर घर मे महिन्यात तापतं, पावसात बोलणं ऐकू येत नाही आणि वादळात अख्खा पाखा एकदम उडतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात मुरुड-श्रीवर्धन-दापोलीकडे हे डोळ्यांनी दिसलं. कौलारू छपराची काही कौलं गेली, पत्र्याची छपरंच गेली.

आमची पसंती मधल्या वाटेला: वाशांवर खाली पातळ रंगीत पत्रा, त्यावर उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि वर कौलं. फुटलेल्या कौलातून आलेलं पाणी पत्र्यावरून वळचणीला जातं, आणि मुंबईहून येऊन कौल बदलेपर्यंत घर कोरडं राहतं. उभ्या पट्ट्या विसरू नका. आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकल्या तर पाणी रिपेमागे तुंबतं आणि दोन वर्षांत रीप कुजते. खर्च वाढतो, वजनही थोडं वाढतं, म्हणून वासे आधी तपासून घ्या.

लाकडाचं काय ठेवायचं, काय बदलायचं?

वाशापेक्षा वाशाचं टोक महत्त्वाचं. लाकूड कुजतं ते भिंतीवर टेकतं तिथे आणि वळचणीला. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा: पाव इंचाच्या पुढे सहज शिरला तर तेवढा भाग गेला. ऐन, किंजळ, फणस, शिवण, साग यांचे जुने वासे मधून बहुधा शाबूत असतात. कुजलेलं टोक कापून, शेजारी त्याच जाडीचा जोडवासा शाबूत लाकडावर निदान तीन फूट घेऊन बोल्टने आवळला तर अख्खा वासा बदलावा लागत नाही. खांबांचं बूड गेलं असेल तर छपराला तात्पुरता टेकू देऊन कुजका भाग कापायचा आणि तळखडा (खांबाखालचा दगड) तेवढा उंच करायचा. खांब थेट काँक्रीटमध्ये पुरणं हा त्याला कुजवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

वाळवीची मातीची नळी दिसली की मोडून टाका आणि दोन दिवसांनी पाहा. पुन्हा बांधली असेल तर वाळवी जिवंत आहे. जोत्याच्या कडेने, भिंत आणि जमीन मिळते तिथे फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडतात. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटर पाण्याला २.१ मिली. विहिरीच्या बाजूला हे काम करू नका.

जाता जाता: जुन्या स्वयंपाकघराचे वासे सगळ्यात चांगले का राहतात? चुलीचा धूर. रोज धुरी मिळणाऱ्या लाकडाला किडा सहजासहजी शिवत नाही. गॅस आला, घराला कुलूप लागलं, आणि भुंग्यांना रान मोकळं झालं.

भिंतीला ओल येते म्हणून सिमेंटचं प्लास्टर केलं, आता ओल आणखी वर चढली. असं कसं?

कारण जांभा सच्छिद्र आहे आणि जुन्या भिंतीच्या आत मातीचा माल आहे. जोत्यातून पाणी वर चढणारच. पूर्वी ते चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून तिथल्या तिथे वाळून जायचं. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी सिमेंट संपतं तिथवर वर चढतं. आत अडकलेल्या ओलीने मातीचा माल मऊ पडतो, क्षार बाहेर येतात, आणि चार-पाच वर्षांत प्लास्टर पोपडा धरून पडतं. पडताना चिऱ्याचा दर्शनी थर बरोबर घेऊन पडतं. वरून जलरोधक रंग मारणं म्हणजे तेच दुखणं लवकर आणणं.

उपाय गिलाव्याआधी जमिनीवर सुरू होतो. वर्षानुवर्षं साचलेल्या मातीने अंगण वर येतं आणि जोतं पुरलं जातं. भिंतीच्या बाहेर चार फूट रुंदीत ती माती काढा, आतल्या जमिनीपासून बाहेरची पातळी निदान दीड फूट खाली हवी. उतार घरापासून बाहेर, सहा फुटांत दोन इंच. पागोळ्या पडतात त्या रेषेत जांभ्याच्या तुकड्यांची दगडफरशी आणि पुढे चर. चराचं तोंड वाडीत सोडा, शेजाऱ्याच्या पाणंदीत नको. त्यानंतर सिमेंट सोलून काढा, सांधे दोन सेंटिमीटर खरवडा आणि भिंत एक आख्खा उन्हाळा उघडी वाळू द्या. घाई इथेच नडते.

चुन्याचा गिलावा कसा करायचा?

कळीचा चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. उकळी फुटते, शिंतोडे डोळ्यात गेले तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावूनच काम. जाळीतून गाळून निदान १५ दिवस, महिनाभर मिळाला तर उत्तम, पाण्याखाली मुरू द्या. पहिल्या थराला एक भाग चुना, एक भाग विटेची भुकटी, दोन भाग नदीची वाळू. भुकटीमुळे दमट हवेतही माल पकडतो. वरच्या थराला एकास दोन. खाडीची वाळू कितीही स्वस्त मिळो, नको, कारण मीठ भिंतीत जातं आणि कायम पाणी ओढत राहतं.

भिंत आदल्या संध्याकाळी आणि लावण्यापूर्वी भिजवायची. थर १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. थर आवळायला लागला की बारीक भेगा पडतातच. लाकडी रंध्याने दाबून मिटवायच्या. मग ओलं गोणपाट आणि निदान दहा दिवस पाणी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मेच्या उन्हात माल पकडण्यापूर्वी वाळतो आणि हात फिरवला की पिठासारखा गळतो. गूळ-हिरड्याचं पाणी मिस्त्रीला सवय असेल तरच घाला. शेवटी चुन्याच्या निवळीचे तीन पातळ हात, जाड दोन नव्हे.

नवे चिरे लागले तर खाणीतून काढलेला ताजा चिरा मऊ असतो, हवेत राहून तो टणक होतो. पुढच्या वर्षीचे चिरे यंदाच आणून रचून ठेवा. मापं खाणीगणिक बदलतात, जुना एक चिरा सोबत घेऊन जा.

जमीन शेणाची ठेवावी का?

रोजचा राबता असेल तर ओटी-माजघर ठेवा. जुनी माती वीतभर खणून तांबडी माती आणि बारीक मुरूम भरायचा, पाणी मारायचं, चोपण्याने ती आवाज बदलेपर्यंत चोपायची आणि मग सारवायची. महिन्यातून एकदा येणार असाल तर हट्ट धरू नका. शेणाच्या जमिनीला माणूस लागतो. कोबा किंवा शहाबादी फरशी चुन्याच्या मालात बसवा. चकचकीत टाइल घातलीत तर जमिनीतली ओल भिंतींकडे वळते.

संडास-बाथरूम कुठे?

मागच्या पडवीला लागून, मूळ जांभ्याच्या भिंती न फोडता. शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट, आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्याच्या कातळात भोकं आणि फटी असतात, मैलापाणी त्यातून मातीपेक्षा फार वेगाने वाहतं. म्हणून जागा असेल तर ५० फुटांवर थांबू नका.

वायरिंग?

जुनी लाकडी पट्टीवरची सगळी काढा. दिव्यांना १.५, प्लगला २.५, गिझरला ४ चौरस मिलिमीटर तार, पाइपातून. नाहीतर उंदीर कुरतडतात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि घराचं स्वतःचं अर्थिंग. मे आणि ऑक्टोबरातल्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर.

विहीर वापरात कशी आणायची?

उतरण्यापूर्वी कंदील पेटवून दोरीने पाण्यापर्यंत सोडा. विझला तर आत हवा नाही, कोणीही उतरायचं नाही. विझला नाही तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं. डिझेलचं इंजिन विहिरीत उतरवू नका, त्याच्या धुराने माणसं गेली आहेत. गाळ एप्रिल-मे मध्ये काढा. आतल्या चिऱ्यांमधली झाडं मुळासकट काढून सांधे भरा, पण तळाजवळचे सांधे मोकळे ठेवा. झरे तिथूनच येतात.

ब्लीचिंग पावडरचा हिशोब: व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५ म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅमप्रमाणे ७० ग्रॅम. बादलीत कालवून, चुनखडीचा साका खाली बसू देऊन वरचं पाणी विहिरीत सोडा, ढवळा, तासाभराने वापरा. गाळ काढल्यावर प्यायला सुरुवात करण्यापूर्वी पाण्याची तपासणी करून घ्या.

माड आणि पोफळी वाचतील का?

माडाची पानं मोजा. चांगल्या माडाच्या डोक्यावर ३० ते ३५ झावळ्या असतात आणि महिन्याला साधारण एक नवी येते. पंधराच्या आसपास असतील आणि खोड मानेशी पेन्सिलीसारखं निमुळतं झालं असेल तर तो उपाशी आहे, मेलेला नाही. दीड-दोन मीटर त्रिज्येचं आळं करा. मोठ्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत आणि तीन हप्त्यांत मिळून सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट, दोन किलो पोटॅश. खत बुंध्याशी टाकून उपयोग नाही, खाणारी मुळं लांब असतात. उन्हाळ्यात ठिबकने रोज ४०-५० लिटर पाणी. फरक दिसायला दोन ते तीन वर्षं लागतात, कारण आज दिसणारी पोय (फुलोरा) फार आधी आत तयार झालेली असते.

झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसली की गेंड्या भुंगा. त्याची पैदास उघड्या शेणखड्ड्यात आणि कुजलेल्या माडाच्या ओंडक्यात होते. वादळात पडलेले माड वाडीत तसेच पडू देणं म्हणजे त्याला पाळणं. भुंगा आकड्याने काढा, वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड भरा. शेंड्यातून तपकिरी रस, आंबूस वास, आणि खोडाला कान लावल्यावर कुरतडल्याचा आवाज येत असेल तर सोंड्या भुंगा. तो माड बहुधा गेलाच.

पोफळीचा शत्रू कोळेरोग, फळं पावसात सडून गळतात. पावसाच्या तोंडावर घोसांवर एक टक्का बोर्डो मिश्रण (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) आणि ४०-४५ दिवसांनी पुन्हा. मोरचुदाचं द्रावण चुन्याच्या निवळीत ओतायचं, प्लास्टिकच्या भांड्यात, आणि त्याच दिवशी वापरायचं. चकचकीत खिळा बुडवून बघा. तांबूस झाला तर चुना कमी पडला आहे.

नवे माड लावायचे तर २५ फुटांवर. जुन्या वाड्यांत १५ फुटांवर लावलेले दिसतात, ते सगळे उंच आणि रोड असतात. रोपं दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राच्या रोपवाटिकेतून घ्या.

पन्नास वर्षांची हापूसची कलमं आहेत, आंबा धरत नाही.

वर बघा: फांद्या एकमेकींत शिरून आत काळोख झालेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस संपल्यावर, आधी मधली फांदी छाटा, बाकीच्या पुढच्या वर्षी. सगळं झाड एकदम बोडकं केलंत तर उन्हाने साल भाजते आणि भिरूड (खोड पोखरणारी अळी) शिरतो. करवत आधी खालून, मग वरून, म्हणजे साल सोलत नाही. कापलेल्या तोंडाला लगेच बोर्डो पेस्ट (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी). फुटव्यांची गर्दी झाली की प्रत्येक फांदीवर बाहेरच्या बाजूचे चार-सहा ठेवून बाकी काढा. आंबा तिसऱ्या वर्षापासून. बांडगूळ फक्त ओरबाडून जात नाही, गाठीखाली फूटभर फांदी घेऊन कापा. खोडाजवळ भुसा दिसला की भोकात तार घालून अळी मारा.

कलमं आधी कराराने दिली असतील तर कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहर आणणारं औषध) किती वर्षं आणि किती घातलं ते विचारा. छाटलेल्या झाडाला ते देऊ नका.

नवीन काय लावावं?

माडाच्या सावलीत जायफळ आणि मिरी. बांधावर कोकम. पण बियांपासूनची कोकमाची आणि जायफळाची रोपं नर निघतील की मादी, हे फुलं येईपर्यंत कळत नाही. सहा-सात वर्षं वाट पाहून निम्मी नर निघतात. कलमंच घ्या, आणि जायफळाच्या दहा माद्यांमागे एक नर ठेवा.

मधे आलेली झाडं तोडता येतील का?

आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, चिंच, हिरडा ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत. स्वतःच्या जमिनीतली असली तरी वनखात्याची परवानगी लागते. घरावर झुकलेली फांदी हा वेगळा विषय. तरी फोटो काढून ठेवा.

पावसाळ्यात घर बंदच राहणार. मग काय करावं?

गावातल्या कोणाला तरी रीतसर पैसे देऊन पंधरा दिवसांतून एकदा घर उघडायला सांगा. सगळी दारं-खिडक्या दिवसभर उघड्या, चुलीत करवंट्यांचा धूर, पन्हळीतला पाला काढणं, फुटलेलं कौल बदलणं. ‘लक्ष ठेव’ एवढंच सांगितलं तर कोणी लक्ष ठेवत नाही. कामाची यादी लिहून द्या. पडवीत पन्नास जादा कौलं, दहा कोने आणि एक शिडी ठेवून जा. गाद्या भिंतीपासून लांब, दोरीवर टांगलेल्या. कपाटांची दारं किंचित उघडी. आणि मेन स्विच बंद करण्यापूर्वी फ्रीज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवा.